जुनी गाडी घेताना आणि देताना

धानाची मळणी झाली, पोती केंद्रावर गेली आणि हाती चार पैसे आले की आमच्या कोंढ्यात दोन विषय निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा गाडीचा. असरची नमाज पढून बाहेर पडावे, तर कुणी तरी हात धरून बाजूला नेतो आणि विचारतो, "चाचा, दोन लाखात कोणती गाडी येईल जी?" गेल्या आठवड्यात तिघांनी विचारले. म्हणून या वेळी सदराचा विषय गाडीचाच घेतला आहे. एरवी आम्ही तो टाळतो. एकदा बोलू लागलो की आम्ही थांबत नाही, अशी मुलांच्या अम्मींची जुनी तक्रार आहे.

आधी आमचे मत सांगून टाकतो. आपल्यासारख्या घरांनी नवी गाडी घेण्याच्या भरीस पडू नये. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांतच सर्वांत जास्त उतरते. ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. पाच ते नऊ वर्षे वयाची, एका हातची, नीट सांभाळलेली गाडी मिळाली तर ती आणखी आठ-दहा वर्षे घरची सेवा करते. दुसरे कारण व्याजाचे. नवी गाडी बहुतेक वेळा कर्जावर येते. व्याज टाळावे असे आपण मुलांना शिकवतो आणि मग दारात शोभा हवी म्हणून पाच वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेतो. त्यापेक्षा जेवढे हाती आहे तेवढ्यात, रोखीने, जुनी गाडी घ्यावी. दारात जुनी गाडी असली म्हणून कुणाची इज्जत कमी होत नाही.

आम्हाला स्वतःला जुन्या गाड्यांचा शौक आहे, हे कबूल केले पाहिजे. लहानपणी पवनीला बाजाराला जायचे तर जीपच्या मागच्या फळीवर बसून. त्या जीपच्या कंपनीचा इतिहास आजच्या मुलांना सांगितला तर त्यांना खरा वाटत नाही. आज जी महिंद्रा अँड महिंद्रा आहे, ती १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झाली होती. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. भागीदार गेला, पण नावाची दोन अक्षरे तीच राहिली, एम आणि एम.

मग फियाट आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. तिचेच नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या जगाला ठाऊक होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. ॲम्बॅसडर ही साहेबलोकांची आणि पुढाऱ्यांची गाडी. सामान्य माणसाला खऱ्या अर्थाने गाडीत बसवले ते मारुती ८०० ने. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, हलका पत्रा, आणि कुठल्याही गावच्या मिस्त्रीला उघडता येईल अशी सोपी रचना. २०१४ या एकाच वर्षात ॲम्बॅसडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्या बनणे बंद झाले.

शौक म्हणून यांतली कोणतीही गाडी मिळाली तर आम्ही आजही घेऊ. पण आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला, मुलीला परीक्षेला सोडायला म्हणून विचाराल तर आम्ही नको म्हणू. पद्मिनीचा एखादा भाग शोधायला आठ दिवस लागले, तर शौकीन माणूस ते आठ दिवस मजेत काढतो. संसारी माणसाचे आठ दिवसांचे काम मात्र अडते. गावात राहणाऱ्यांसाठी आमची कसोटी साधी आहे. जी गाडी आपल्या मिस्त्रीने निदान दहा वेळा उघडली आहे आणि जिचे सामान भंडाऱ्याला त्याच दिवशी मिळते, तीच गाडी घ्यावी. स्वस्तात मिळते म्हणून मोठी, परदेशी नावाची, चार मालक झालेली गाडी दारात आणू नये. ती घेणे परवडते, सांभाळणे परवडत नाही.

आता आमच्या फजितीची गोष्ट सांगतो. इतरांना अक्कल सांगणाऱ्याने आपली चूकही सांगितली पाहिजे.

२०२२ मध्ये बकरी ईदच्या आधी आम्ही एका मोठ्या शहरातल्या दलालाकडून २०१६ सालची एक छोटी गाडी घेतली. २ लाख ३५ हजार रोख मोजले. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. रंग चकचकीत, सीटकव्हर नवे कोरे, आरशाला अत्तराची बाटली टांगलेली. इतक्या वर्षांचा आमचा शौक, पण त्या दिवशी आम्ही फक्त इंजिनचा आवाज ऐकला आणि बाकी सारे वरवर पाहिले. अत्तराचा वास इतका कशाला, हा प्रश्न मनात आला नाही.

पहिला महिना बरा गेला. मग पाऊस लागला आणि गाडीत कुबट वास येऊ लागला. एका दाराची काच खाली गेली ती वर येईना. एके रात्री दोन वाजता अंगणात हॉर्न आपोआप वाजू लागला आणि सारा मोहल्ला जागा झाला. मिस्त्रीला बोलावले. त्याने पुढची सीट काढली, गालिचा उचलला आणि काही न बोलता बोट खाली फिरवून आम्हाला दाखवले. बोटाला राखाडी, पिठासारखी बारीक माती लागली होती. सीटच्या रुळांवर गंज चढला होता. तो म्हणाला, "भाऊ, ही गाडी पोहून आली आहे जी."

पुरात बुडालेल्या गाड्यांचे काय होते, हे पुष्कळांना माहीत नसते. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढले की विमा कंपनी बहुधा गाडी पूर्ण निकामी धरून मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. तिचे भाग सुटे करून विकणे ठीक. पण काही जण ती धुऊन, सुकवून, वरून सजवून दूरच्या जिल्ह्यात विकतात. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आपल्या वैनगंगेने भंडाऱ्यात घातलेला धुमाकूळ, जुलै २०२१ चे चिपळूण. असे पूर ओसरले की बुडालेल्या गाड्या कुठे कुठे जातात. आमची गाडी कोणत्या पाण्यातून आली ते कधीच कळले नाही. दलालाने फोन उचलणे बंद केले होते.

वायरिंगवर तीनदा खर्च केला आणि शेवटी विकायचे ठरवले. ओळखीचे लोक म्हणाले, "नवे सीटकव्हर टाका, अत्तर लावा, उन्हाळ्यात विका. उन्हाळ्यात वास येत नाही." खोटे कशाला बोलू, आम्ही सीटकव्हर आणले.

गिऱ्हाईक आले. जवळच्या गावचा शिलाईकाम करणारा तरुण, सोबत त्याची आई. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला न्यावे लागे. एसटीचा प्रवास तिला सोसत नव्हता आणि भाड्याच्या गाडीत मुलाची कमाई जात होती. दोन लाखांवर सौदा ठरला. त्याने दहा हजार इसार म्हणून काढून ठेवले. गाडीत चढता येते का, हे पाहायला म्हातारी मागच्या सीटवर बसली, हाताने सीट चाचपली आणि म्हणाली, "नरम आहे."

मुलांच्या अम्मी स्वयंपाकघराच्या दारातून आमच्याकडे पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. आम्ही त्या तरुणाला बाजूला घेतले, गालिचा उचलला आणि माती दाखवली. रात्री दोनला हॉर्न वाजला तेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. चहा घेतला, दहा हजार उचलले, सलाम करून आईला घेऊन निघून गेला.

त्या रात्री आम्हाला फार चांगले वाटले, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. दोन लाख दारातून परत गेले होते. गाडी आठ महिने चिंचेखाली उभी राहिली आणि अखेर एका गॅरेजवाल्याने सुट्या भागांसाठी ५८ हजारांत नेली. दुरुस्तीचा खर्च सोडला तरी १ लाख ७७ हजारांचा फटका बसला. त्या वर्षी थोरल्या मुलीची कॉलेजची फी तिच्या मामूंकडून उसनी घ्यावी लागली.

पुढच्या रमजानमध्ये तोच तरुण इफ्तारनंतर दारात उभा. म्हणाला, "चाचा, एक गाडी पाहिली आहे. तुम्ही सोबत याल काय?" आम्ही गेलो. २०११ सालची साधी गाडी होती, मालक एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी आम्हाला आधीच एक कागद दिला. त्यावर लिहिले होते की डावे मागचे दार ठोकून घेतले आहे, क्लच प्लेट वर्षभरात बदलावी लागेल, एसी चालत नाही. आम्ही गाडी तपासली तर त्या कागदावर नसलेला एकही दोष सापडला नाही. ती गाडी आजही आठवड्यातून दोनदा नागपूरला जाते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बाजारातला प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला आहे. सहीह मुस्लिममध्ये तो आहे. ते धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना ते दिसले असते. आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. आपण धानाच्या मुलखातली माणसे. ओल्या ढिगाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. केंद्रावर १७ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की धान परत येते, आणि वरून कोरडे दिसणाऱ्या पोत्यात हात कोपरापर्यंत का घालतात, हे आपली पोरेही जाणतात. फिकहमध्ये तर खरेदीदाराला यासाठी हक्कच दिला आहे. माल घेतल्यावर आधीचा लपलेला दोष निघाला तर तो परत करता येतो. त्याला खियारे ऐब म्हणतात. धानाला लागू असलेला नियम मोटारीला लागू नाही, असे कुणी म्हणू नये. आमच्या त्या गाडीत तर ओल अक्षरशः खालीच होती.

तेव्हा घेणाऱ्याने हात आत घालावा. कसा, ते सांगतो.

गाडी सकाळी पाहायला जावे, आणि आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका असे आधीच सांगावे. बोनेटला हात लावून पाहावा. गरम लागला तर थंड इंजिनची काही तरी तक्रार लपवली जात आहे असे समजावे. सुरू करताना कुणाला तरी सायलेन्सरमागे उभे करावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. हिवाळ्यात सकाळी थोडी वाफ निघतेच, पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंटचे पाणी आत शिरते आहे. इंजिन बंद असताना तेल भरायचे झाकण उघडून खालची बाजू पाहावी. तिथे दुधाळ, चिकट थर असेल तर सावध व्हावे.

मग आत बसावे. अत्तराचा वास जास्त असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे बसावे, खरा वास वर येतो. गालिचाचा कोपरा उचलावा, सीटखालचे रूळ पाहावेत, डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालचा खड्डा पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. गाडी धुणारा पट्ट्याचे ते टोक सहसा विसरतो आणि पाण्याची रेघ तिथे राहून जाते.

मीटरवर विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर गुळगुळीत झाले आहे आणि मीटर ३० हजार दाखवतो, असे असेल तर रबर खरे बोलते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी २०१८ ची, ३० हजार चाललेली, आणि चारही टायर २०२३ चे असतील तर पहिले टायर कुठे झिजले, हे विचारावे. सर्व्हिसची बिले मागावीत. त्यांवर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात.

आता कागद. यात आपले लोक फार ढिलाई करतात. आरसी बुकवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. बाकी असलेले ई-चलन भरून घ्यावे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव लगेच बदलून घ्यावे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

"ओळखीचाच आहे, नाव मग बदलू," असे म्हणून गाडी देणाऱ्या भावांना आमची खास विनंती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक कित्येक हातांत गेली होती, तरी जबाबदारी दप्तरातल्या पहिल्या माणसावरच आली. गाडी विकली, पैसे खर्चून झाले, आणि चार वर्षांनी कुणाच्या तरी मृत्यूच्या भरपाईची नोटीस दारात. हे टाळायला एक अर्ज आणि आरटीओची एक चक्कर पुरते.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावी लागते, हा गैरसमजही काढून टाकावा. दिल्लीसाठी वेगळे आदेश झाले, त्यावरून हा समज पसरला. आपल्याकडे खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपण्याआधी आरटीओत गाडी तपासून घेऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. पर्यावरण कर मात्र भरावा लागतो. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी १०,००० झाली. म्हणून चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. त्या तरुणाच्या २०११ च्या गाडीची १५ वर्षे २०२६ मध्ये भरतात. आम्ही हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि त्याने पैसे बाजूला टाकायला तेव्हाच सुरुवात केली.

शेवटी देणाऱ्यांसाठी. गाडी विकायची असेल तर त्या निवृत्त गृहस्थांसारखा एक कागद करा. काय बदलले, काय ठोकले, काय चालत नाही, काय लवकर जाणार, हे तारखेसह लिहा आणि सौदा ठरण्याआधी गिऱ्हाइकाच्या हाती द्या. किंमत पाच-दहा हजारांनी उतरेल, कधी गिऱ्हाईक परतही जाईल. आमचे गेले होते. पण गाडी घेणारा तिच्यात आपल्या घरची माणसे बसवतो. मागच्या सीटवर कुणाची तरी आई असते.

आम्ही विकत आणलेले ते नवे सीटकव्हर अजून माळ्यावर पडून आहे, पाकीटही फोडलेले नाही. कुणाच्या गाडीला बसत असेल तर घेऊन जावे.